जास्तीची मार्तेनित्सा

१

गेर्गिना पाशोवाचे दुकान गुरुवारी सकाळी साडेनऊला बंद झाले. त्याला ना दार होते ना कुलूप. 'सांदक' नावाच्या ऑनलाइन बाजारातले ते एक पान होते. त्या पानावर राखाडी पडदा पडला आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटली : 'यंत्राचा माल. नियम सातवा. दुकान बंद.'

गेर्गिना त्र्यावना शहराच्या वरच्या अंगाला एका खेड्यात राहून मार्तेनित्सा वळत असे, म्हणजे लाल आणि पांढऱ्या लोकरीचे पीळ घातलेले धागे. ते एक मार्चला मनगटावर बांधायचे आणि पहिले झाड फुलले की काढून त्याच्या फांदीला बांधायचे. दोन मार्चला मार्तेनित्सा कोणी फुकटसुद्धा घेत नाही. तिचे वर्ष म्हणजे फेब्रुवारी. त्यातही वीस तारखेनंतर पाठवलेले पार्सल वेळेवर पोचत नाही. दुकान दहा तारखेला बंद झाले होते.

सोमवारी, चौदा तारखेला, हे प्रकरण वेलिच्का माजारोवा यांच्या टेबलावर आले. वेलिच्काबाई तीस वर्षे टपालखात्यात हरवलेली आणि फोडलेली पार्सले शोधत होत्या. निवृत्तीनंतर सांदकचे मालक ओग्न्यान बाल्तोव यांनी त्यांना लवाद म्हणून नेमले, ते मुख्यतः शोभेसाठी. जाहिरातीत त्यांचा फोटो होता आणि खाली 'आमच्याकडे न्याय मिळतो' असे वाक्य होते. बाईंनी मात्र ते वाक्य खरे धरले आणि तिथेच ओग्न्यानची पंचाईत सुरू झाली.

सेव्लिएवो गावातली सांदकची कचेरी दोन खोल्यांची. खिडकीबाहेर अलुबुखाराचे झाड होते आणि त्याला गेल्या वसंतातल्या मार्तेनित्सा अजून लटकत होत्या. गेर्गिनानेच पेटीभर पाठवल्या होत्या, प्रत्येकाला तीन. कचेरीतल्या इस्क्राचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता, तरी पोरगी कुबडीवर लंगडत तिच्या बांधायला गेली होती.

तीच इस्क्रा आता फाइल घेऊन आली. नियमांचे टेबल ती सांभाळायची. वेलिच्काबाईंच्या जुन्या सहकाऱ्याची ती मुलगी, बाईंच्याच शब्दावर लागलेली. पत्त्यातला पिनकोडसुद्धा तीनदा तपासल्याशिवाय पुढे न सरकणारी.

"लेल्या, तुम्ही बघायलाच हवं हे," ती म्हणाली. लेल्या म्हणजे मावशी. कचेरीत बाईंना सगळे तेच म्हणत. "तीन तक्रारी आल्या. तीन झाल्या की दुकान बंद करायचंच, असा नियम आहे. मी बटण दाबलं."

बाईंनी मागितली होती एक फाइल. टेबलावर आल्या दोन.

"ही दुसरी कुणाची?"

"दोब्रिन शिश्कोवची, गाब्रोवोचा. त्याच्यावर अकरा तक्रारी आहेत. तोच नियम सातवा. त्याचं दुकान उघडं आहे. वर 'हातकाम'चा बिल्ला पण आहे."

"ती मी मागितली नव्हती."

"आणली. बाजूबाजूला ठेवून बघा," इस्क्रा म्हणाली आणि निघून गेली.

बाईंनी दोन्ही फाइली खरोखरच बाजूबाजूला ठेवल्या. इथे कुठेतरी पाणी मुरत होते.

२

त्याच दिवशी बाई गेर्गिनाच्या स्वयंपाकघरात पोचल्या तेव्हा चुलीवर मंजिष्ठेच्या मुळ्या उकळत होत्या आणि दोरीवर लाल लोकरीच्या लडी वाळत होत्या. पन्नाशीला टेकलेली, रुंद हातांची बाई. तिने आधी बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्याच्या पोळीचा, तुकडा पुढे ठेवला आणि मग भांडायला सुरुवात केली.

तिचे म्हणणे असे की दुकान गेले तर गेले, पुढच्या वर्षी जत्रेत टोपली घेऊन बसेन. पण ते लाल शब्द? खेड्यातल्या सहा बायका तिच्यासाठी सूत काततात. त्यांच्या पोरांनी फोनवर ते वाचले. काल चर्चमध्ये दोघी तिच्याशी बोलल्या नाहीत. यंत्राचा माल विकते म्हणजे आपली सुतं कुठे जातात, असे त्यांना वाटते.

"सत्तावीस वर्षं हे हात हेच करतायत," ती म्हणाली. "आणि गाब्रोवोचा तो शिश्कोव, त्याच्याकडे यंत्र रात्रंदिवस खडखडतं, त्याला बिल्ला! हा कुठला नियम, बाई? माणूस बघून कापणारी कात्री आहे का ही?"

वेलिच्काबाईंनी तक्रारींसोबत आलेले तीन फोटो टेबलावर मांडले. प्रत्येकात गेर्गिनाच्या शिक्क्याचे खाकी कार्ड आणि त्यावर एक मार्तेनित्सा. लाल रंग पांढऱ्यात उतरून धागा गुलाबी, मळकट झालेला. तिन्हींखाली मजकूर जवळपास सारखाच : 'एक मागवली, एक आली, तीही यंत्राची. हात लावताच रंग सुटला.'

गेर्गिना उठली. तिने लडीतला एक नवा धागा तोडला, ग्लासात कढत पाणी ओतले आणि धागा त्यात बुडवला. दोघींनी बानित्सा संपवली, चहा घेतला. अर्ध्या तासाने ग्लास उजेडात धरला, तर पाणी झऱ्यासारखे स्वच्छ होते.

"कार्ड माझंच आहे. पण गेल्या सालचं," ती म्हणाली. "यंदा शिक्का बदलला. आणि हे वाचा की. एक मागवली, एक आली. माझ्याकडून एक कधी गेलीय?"

"म्हणजे?"

"मार्तेनित्सा स्वतःसाठी विकत घेतली तर लाभते का? कुणीतरी द्यावी लागते. लोक मागवतात नवऱ्याला, लेकीला, शेजारणीला. मग मागवणाऱ्याला कोण देणार? म्हणून प्रत्येक पार्सलात मी एक जास्तीची घालते, न सांगता. ती माझ्याकडून. एक मागवली तर दोन जातात. सत्तावीस वर्षांत चुकलेलं नाही."

वेलिच्काबाईंनी तिन्ही फोटो पुन्हा पाहिले. मग भिंग काढून पाहिले. प्रत्येक धागा मधोमध एकाच तऱ्हेने वाकला होता, आणि एकाच्या वाकणात करड्या-हिरव्या दगडफुलाचा कण अडकलेला होता. असले दगडफूल पार्सलात उगवत नाही.

३

परतताना बसमधूनच त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. ज्या माणसाने तीस वर्षे टपालात घालवली त्याला कुठल्या गावच्या खिडकीमागे कोण बसते हे विचारावे लागत नाही.

तक्रार करणारी गिऱ्हाइके तीन गावांची होती : एलेना, द्र्यानोवो आणि लोवेच. तिघांनीही पार्सल घरी न मागवता टपाल कचेरीतून नेतो म्हणून कळवले होते. एलेनाच्या खिडकीतल्या पेंचोने आधी स्वतःच्या गुडघ्याची हकीकत सांगितली, मग फळी बघून आला.

"आहे की इथेच," तो म्हणाला. "तीन तारखेला निघालंय, पाच तारखेला आलंय. न्यायला कोणी फिरकलं नाही. परत पाठवू का?"

"पाठवू नकोस. हातही लावू नकोस."

द्र्यानोवोतही तेच उत्तर मिळाले. लोवेचची बाई जरा खाष्ट होती, पण पार्सल तिच्याकडेही होते, दोरीची गाठ शाबूत.

म्हणजे तीन माणसांनी न उघडलेल्या पार्सलांबद्दल तक्रार केली होती, आणि नेमकी तीच तक्रार ग्राह्य धरून दुकान बंद केले गेले होते. खरे तर पार्सल गिऱ्हाइकाच्या हाती पडल्याशिवाय तक्रार घेऊच नये, असेही सांदकच्या नियमात लिहिलेले होते. पार्सल नेले की नाही ही माहिती पडद्यावर एका बोटाच्या अंतरावर असते. ती कोणी पाहिली नव्हती, किंवा पाहिली होती.

४

मंगळवारी बाईंनी तिघांना गाठले.

पहिली त्स्वेता. ती गेल्या वर्षीपर्यंत गेर्गिनाची भागीदार होती. भांडण होऊन वेगळी झाली आणि सांदकवर स्वतःचे दुकान मांडले. गेल्या सालची खाकी कार्डे तिच्या कपाटात गठ्ठ्याने पडलेली होती आणि ते तिने लपवलेही नाही. गेर्गिना हट्टी आहे, कोणाचे ऐकत नाही, मीठ जास्त घालते, असे सगळे तिने ऐकवले. फोटो दाखवल्यावर मात्र ती हसायला लागली.

"रंग सुटला? गेर्गिनाचा? अहो, मी तिच्या चुलीपाशी अकरा वर्षं उभी होते. तो रंग वर्षभर पावसात टांगला तरच असा उतरेल. तिच्यावर खोटं घ्यायचं तर मी दुसरं काहीतरी काढलं असतं. एका ग्लास पाण्यात उघडं पडणारं खोटं मी कशाला बोलू?"

दुसरा दोब्रिन शिश्कोव. गाब्रोवोच्या त्याच्या शेडमध्ये दोन यंत्रे खडखडत होती आणि तो त्यांच्यासमोर उभा राहून, यंत्र नाहीच, असे सांगत होता. मग स्वतःलाच हसू आले तेव्हा म्हणाला की धागा यंत्र वळते, पण पिशवीत हातानेच भरतात, म्हणजे हातकामच झाले. गडी आतबाहेर एकच होता, लबाड तर उघड लबाड.

गेर्गिनाचे दुकान तुम्ही पाडलेत का, असे बाईंनी सरळ विचारले.

"मी? कसं पाडणार?"

"तीन तक्रारी करून."

दोब्रिनने त्यांच्याकडे खरोखरच चकित होऊन पाहिले. "तक्रारींनी दुकान बंद पडतं?" तो म्हणाला. "मला अकरा आल्या. एकदा इस्क्रा नावाची पोरगी बंद करते म्हणाली, तासाभरात साहेबांनी उघडून दिलं. असं तीनदा झालं. मला वाटलं ती त्यांच्याकडची काहीतरी पद्धत असेल."

इतके खरे बोललेला माणूस वेलिच्काबाईंनी त्या आठवड्यात दुसरा पाहिला नव्हता.

तिसरे स्वतः ओग्न्यान बाल्तोव. ते कॉफी ढवळत राहिले. दोब्रिन मोठा विक्रेता आहे, त्याच्यावर सांदकची अर्धी वर्दळ चालते, त्याच्याशी 'समजुतीने' घ्यावे लागते, असे त्यांनी सांगितले. आणि पाशोवा? कोण पाशोवा? नाव त्यांनी कागदावर वाचले तेव्हा कुठे आठवले.

"तिचं दुकान बंद आहे, पाच दिवस झाले," बाई म्हणाल्या.

"असेल. लहान दुकानं काय, रोज बंद होतात," ते म्हणाले. "त्यात मी लक्ष घालत नाही."

५

बुधवारी सकाळी ऊन पडले होते. वेलिच्काबाई कोट चढवून कचेरीच्या अंगणात गेल्या आणि अलुबुखाराच्या झाडाखाली उभ्या राहिल्या.

वर्षभराचे ऊन, पाऊस आणि बर्फ खाऊन सगळ्या मार्तेनित्सा तशाच झाल्या होत्या : गुलाबी, मळकट, फांदीभोवती वाकलेल्या. खोडावर करड्या-हिरव्या दगडफुलाचे ठिपके होते. फोटोतले धागे याच झाडावरचे, यात शंका उरली नाही.

आता कोणाचे, एवढाच प्रश्न होता. बाईंनी फांदी फांदी मोजली. ओग्न्यानच्या तीन शेंड्यापाशी, कारण त्यांना उंची दाखवायची हौस. हिशेबनिसाच्या तीन. त्यांच्या स्वतःच्या तीन. सगळ्या जागेवर होत्या, आणि खालच्या बाजूच्या तर अगदी हाताशी होत्या. ज्याला तीन धागे हवे होते त्याने दिसतील ते ओढून घ्यायला काहीच हरकत नव्हती.

मग त्यांची नजर सगळ्यात खालच्या फांदीवर गेली. ती कमरेइतक्या उंचीवर होती. तिच्या सालीवर तीन बारीक, फिकट वळी होती, जिथे वर्षभर काहीतरी बांधलेले होते आणि आता नव्हते.

गेल्या एप्रिलमध्ये त्या फांदीपाशी कोण वाकले होते हे बाईंना आठवायची गरज नव्हती. तेव्हा कुबडी त्यांनीच धरली होती.

त्या बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. त्यांना वाईट वाटले आणि रागही आला, आणि दोन्हींतले जास्त काय ते त्यांना ठरवता आले नाही.

६

दुपारी त्यांनी ओग्न्यान आणि इस्क्राला आतल्या खोलीत बसवले. टेबलावर तीन फोटो, टपाल कचेऱ्यांतून आणवलेली तीन न फोडलेली पार्सले आणि त्या दोन फाइली.

"पार्सलं उघडली गेली नाहीत," बाईंनी सुरुवात केली. "फोटोतला माल गेल्या सालचा, बाहेरच्या झाडावरचा. कार्डही गेल्या सालचं. ती कार्डं त्स्वेताकडे आहेत आणि गेल्या वर्षीच्या पेटीतली आपल्या खणातही आहेत. आता हे कोणी केलं? त्स्वेतानं नाही. तिला रंगाची खात्री आहे, ती रंगावर बोट ठेवणार नाही. दोब्रिननं नाही. तक्रारीनं दुकान बंद पडतं हे त्या बिचाऱ्याला माहीतच नाही. ओग्न्यानसाहेब, तुम्हीही नाही. तुम्हाला बंद करायचं तर एक बटण पुरे, तक्रारींचा खटाटोप कशाला?"

ओग्न्यानने सुटकेचा श्वास सोडला. तो जरा लवकर सोडला होता.

"उरतं असं माणूस, ज्याला नियम चालायलाच हवा होता. अगदी अक्षराला अक्षर, तीन तक्रारी म्हणजे तीन तक्रारी. पिनकोड तीनदा तपासणारं माणूस, आणि नेमकं यावेळी पार्सल पोचलं का ते न बघणारं. मी एक फाइल मागितली तेव्हा दोन आणणारं."

इस्क्राचा चेहरा पांढरा पडला होता, पण मान खाली नव्हती.

"झाड भरलेलं होतं, पोरी," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कोणाच्याही तीन घेतल्या असत्यास तर मी तुझ्यापर्यंत पोचले नसते. स्वतःच्याच का घेतल्यास?"

"दुसऱ्याच्या कशा घेणार, लेल्या?" इस्क्रा म्हणाली. "लोकांनी काहीतरी मनात धरून बांधलेल्या असतात. मी हात लावायला धजले नाही."

मग तिने सगळे सांगितले. तिन्ही मागण्या आणि तक्रारी तिनेच खोट्या नावांनी केल्या होत्या. दोब्रिनबद्दल तिने चौदा वेळा लेखी कळवले होते. तीनदा दुकान बंद केले, तीनदा ओग्न्यानने उघडले. तेव्हा तिने ठरवले की सांदकवरच्या सगळ्यात स्वच्छ दुकानावर तोच नियम तसाच लावायचा. गेर्गिनाचे दुकान बंद झाले की गहजब होईल, साहेब संध्याकाळपर्यंत ते उघडतील, प्रकरण लवादाकडे जाईल, आणि दोन फाइली बाजूबाजूला ठेवल्या की आंधळ्यालाही दिसेल.

"मला वाटलं एक दिवस. फार तर एक दिवस. तिचं दुकान उघडायला कोणी येणारच नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुझं म्हणणं खरं आहे," बाई म्हणाल्या. "आणि ते तू एका निरपराध बाईच्या तोंडाला काळं फासून सिद्ध केलंस. त्या खेड्यात दोन बायका तिच्याशी बोलत नाहीत."

इस्क्रा रडली नाही. तिने फक्त विचारले, "आज सोळा. अजून वेळ आहे ना?"

७

वेलिच्काबाईंनी चार कलमांचा निकाल लिहिला. गेर्गिना पाशोवाचे दुकान तत्काळ उघडावे आणि तिचा माल हातचा आहे हे पहिल्या पानावर, तेवढ्याच लाल आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. दोब्रिन शिश्कोवचे दुकान नियम सातनुसार बंद. 'हातकाम' हा शब्द काढून आला तर पुन्हा उघडता येईल. यापुढे बंद केलेले दुकान मालकाला एकट्याला उघडता येणार नाही. आणि खोटी तक्रार घडवणाऱ्या कर्मचाऱ्याला नियम सहानुसार कामावरून कमी करावे.

ओग्न्यानने दुसऱ्या कलमावर बोट ठेवले. हे फेब्रुवारीत नको, मार्चमध्ये बघू, असे ते म्हणाले.

"चारही किंवा एकही नाही," बाई म्हणाल्या. "आणि करारात वाचा. लवादाचा निकाल पहिल्या पानावर, शब्दाला शब्द. शोभेसाठी तुम्हीच लिहून घेतलं होतंत."

ओग्न्यानने वाचले. मग सही केली, कारण त्यांच्याच जाहिरातीतला फोटो त्यांच्यासमोर बसून वाट पाहत होता.

इस्क्राने आपला कागद दारातच उभ्याने वाचला. "नियम सहावा," ती म्हणाली. "बरोबर आहे." मग जरा थांबून विचारले, "आणि शिश्कोव?"

"मघाशीच बंद झालं."

आठवड्यात पहिल्यांदाच ती पोरगी हसली, आणि पिशवी उचलून निघून गेली. तिच्या वडिलांना काय सांगायचे हा विचार वेलिच्काबाईंनी संध्याकाळपर्यंत टाळला.

शुक्रवारी सकाळी गेर्गिनाचा फोन आला. दोन दिवस खेड्यातल्या साऱ्या बायका तिच्या स्वयंपाकघरात बसून पार्सले बांधत होत्या. मागून त्यांचा कलकलाट ऐकू येत होता. न बोलणाऱ्या दोघी सगळ्यात मोठ्याने बोलत होत्या.

"बाई, एक विचारायचं होतं. दुकान उघडल्यावर पहिली मागणी कुणाची आली माहीत आहे? इस्क्रा दिमोवाची. खरं नाव, खरा पत्ता. एक मार्तेनित्सा. तुमचा निकाल मी वाचलाय. तीच ना ही?"

"तीच."

पलीकडे पार्सलाचा कागद वाजला.

"मला तिचा राग आहे," गेर्गिना म्हणाली. "अजून बरेच दिवस राहील. पाठवू की नको, ते सांगा."

"पैसे भरलेत, पत्ता खरा आहे. न पाठवण्याजोगं नियमात काही नाही."

"ते मला कळतं. एक तर मी पाठवणारच. मी जास्तीचीबद्दल विचारतेय."

वेलिच्काबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. सगळ्यात खालची फांदी मोकळी होती आणि तिच्या टोकाला कळ्या फुगल्या होत्या.

"ती तुमची पद्धत आहे, गेर्गिना. त्यावर लवाद नाही."

"पद्धत आहे ना, मग झालं," गेर्गिना म्हणाली. "सगळ्यांना घालते, तर तिला कशी नाही घालणार?" आणि फोन तसाच चालू ठेवून तिने दुसरी मार्तेनित्सा पार्सलात ठेवली आणि दोरी आवळली.